पाठमोरे यजमान

नाझरसाहेबांचा चेहरा आठवायला बसलो की मला वेळ लागतो. मेंदी लावलेली दाढी होती, डाव्या भुवईत एकच पांढरा केस होता, असं तुकड्या-तुकड्यांनी जुळवावं लागतं. पाठ मात्र लख्ख आठवते. रुंद, किंचित डावीकडे कललेली, वर पांढऱ्या मलमलीचा अंगरखा, आणि मानेवर हिवाळ्यातसुद्धा घामाची एक रेघ. मी त्यांच्याकडे किती वेळा जेवलो याचा हिशेब नाही. पण जेवताना त्यांचं तोंड मी एकदाही पाहिलं नाही.

तेव्हा वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपूरहून चाले. मेहकरच्या कचेरीत मात्र नागपूरपेक्षा नाझर हुसेनखाँचा दबदबा जास्त. नाझर म्हणजे कचेरीतल्या शिपायांचा आणि सामानसुमानाचा धनी. खुर्ची, दिवा, दौत, पंखा ओढणारा माणूस, सगळं त्यांच्या हातात. त्यांना दुखवलं की खुर्चीचा मोडका पाय वर्षभर मोडकाच राहायचा. अर्थात त्यांना कुणी दुखवत नसे. दुखवायची संधीच ते देत नसत.

मी वडनेर भोलजीचा. नक्कलनवीस म्हणून लागलो तेव्हा नुकतीच मिशी फुटली होती. पहिल्याच आठवड्यात नाझरसाहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"देशपांडे, येत्या बुधवारी माह्या मळ्यात जेवाले या."

मला आग्रहाचं जेवण मुळीच आवडत नाही. तेव्हाही आवडत नव्हतं. शिवाय मुसलमानाच्या मळ्यात जेवलो हे वडनेरला कळलं असतं तर वडिलांनी मला ओसरीवरसुद्धा घेतलं नसतं. मी तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आत नाझरसाहेब एकेक बोट दुमडून मोजू लागले.

"बुधवारी एकादशी नाही, मी पाह्यलं. स्वैपाकी विठूभट, तुमच्याच जातीचा. पानी तो नदीवरून आनते, माह्या विहिरीचं नाही. भांडे त्याच्या घरचे. पत्रावळी पळसाच्या, त्यानंच लावलेल्या. पोटाचं म्हनत असान तं सुंठ आहे. घरची आठवन येत असन तं मंग जेवाच लागते. अजून काही?"

अजून काहीच उरलं नव्हतं. नकाराची प्रत्येक वाट त्यांनी आधीच चालून पाहिलेली होती, आणि प्रत्येक वाटेवर माझ्या सोयीसाठी दिवा लावून ठेवला होता. इतक्या चांगुलपणाने कोंडलेला माणूस ओरडणार तरी कसा? मी "येतो" म्हणालो. शेजारच्या टेबलावरून हेडक्लार्क बापूसाहेबांनी मान वर न करता म्हटलं, "वेळेवर या. तिथं एकानं उशीर केला की सगळ्यांचं निवतं."

बापूसाहेब म्हणजे सोवळ्याचा अर्क. कचेरीत पाणी पीत नसत, रस्त्यात कुणाची सावली टाळताना एकदा गटारात उतरले होते. ते या मळ्यात जेवतात, हे ऐकूनच मी चाट पडलो.

मळा गावाबाहेर, ओढ्याच्या काठी. आंब्याची चार झाडं, त्याखाली सारवलेली जागा, रांगोळी, पाट. पलीकडे विठूभट गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजत होता. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे. भाजून झाले की राख झटकायची, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. बरोबर वांग्याची भाजी, वरण आणि द्रोणात कढी. उन्हं अजून झाडांच्या शेंड्यांवर होती. आम्ही सहा-सातजण पाटांवर बसलो. नाझरसाहेबांनी सगळ्यांना हात जोडले, मग पंगतीपासून दहा-बारा हातांवर ठेवलेल्या बाजेकडे गेले आणि आमच्याकडे पाठ करून बसले.

मला वाटलं, नमाजाची वेळ असेल. तेवढ्यात पाठ बोलली.

"हं, चालू द्या. देशपांडे, लाजू नका."

मी शेजारच्याकडे पाहिलं. त्याने डोळ्यांनीच खुणावलं, जेव. मी रोडग्याचा तुकडा मोडला.

"देशपांड्यानं लहान तुकडा मोडला," पाठ म्हणाली. "विठूभट, त्याच्या पानात तूप कमी आहे."

मी दचकलो. त्या माणसाला सगळं ऐकू येत होतं. कडक रोडगा मोडल्याचा आवाज, वरण कालवल्याचा, कढीचा भुरका, भाजी नको म्हणून पत्रावळीवरून फिरवलेला हात, सगळं. प्रत्येकाची जेवायची चाल त्यांना पाठ होती. "जोशीबुवा, आज दुसरा भुरका नाही आला, कढी आंबट झाली का?" "पटवारी, तुमी चावून नाही राह्यले, गिळून राह्यले. घाई काऊन? बैल सोडून आले का?" तोंड आमच्याकडे नाही, पण आग्रह एकही चुकत नव्हता. समोर बसलेल्या यजमानाला निदान डोळे वटारून तरी "नको" सांगता येतं. पाठीला काय सांगणार? मी रडकुंडीला येईपर्यंत जेवलो.

हळूहळू मला कळलं की त्या मळ्यात जेवायची एक रीत आहे. ती नव्या माणसाला जुना माणूस शिकवत असे: आवाज करून जेवायचं. कढी आवडली तर मोठ्याने ओढायची, रोडगा कडकड मोडायचा, बोटं चाटायची ती ऐकू जातील अशी. नाझरसाहेबांना आपलं जेवण दिसत नाही, निदान ऐकू तरी जावं. आमच्या कचेरीतल्या झाडून साऱ्या कारकुनांना ही खोड लागली. माझी तर आजही सुटलेली नाही. पुढे पुण्याच्या व्याह्यांकडे मी पहिला भुरका मारला तेव्हा सगळी पंगत माझ्याकडे वळली होती, आणि आमच्या सौभाग्यवतींनी परतताना माझ्याशी एक शब्दही बोलायचा नाही असं ठरवलं होतं.

या रीतीला एकटे बापूसाहेब अपवाद होते. त्यांचं जेवताना मौन असे. तोंडाने बोलणं तर नाहीच, पण घासाचासुद्धा आवाज नाही. कढीचा द्रोण ओठाला लावत तेव्हा पाखरू पाणी पितंय असं वाटे. दुसऱ्यांदा वाढायला विठूभट आला की ते द्रोणावर हात आडवा धरत. जेवून उठले, हात धुतले, की नाझरसाहेबांकडे जाऊन एवढंच म्हणत, "झालं." मग दोघं मिळून गावाकडे चालू लागत. दोघं एकाच महिन्यात उमेदवार म्हणून कचेरीत लागले होते, एकाच सतरंजीवर बसून लिहायला शिकले होते. आणि तरीही ते एक "झालं" सोडून नाझरसाहेबांना त्यांच्याकडून कधी काही मिळालं नव्हतं.

हे त्यांना किती लागलं होतं ते मला एका दुपारी कळलं. मी दिव्याची काच मागायला गेलो होतो. काच पुसता पुसता ते म्हणाले, "देशपांडे, तुमी त्याच्या बाजूच्या पाटावर बसता. एक सांगा. बापूसाहेबाले माह्याकडचं आवडते का?"

"पान तर स्वच्छ असतं," मी म्हणालो.

"ते मले विठूभटही सांगते. पन तो मानूस कोनाच्याच घरी अन्न टाकत नाही. बेचव असलं तरी खाऊन उठन." त्यांनी काच उजेडाकडे धरली. "बाकीच्यायचं मले ऐकू येते. त्याचं काहीच ऐकू येत नाही. इतके वर्सं झाले. तो आवडून येते का उपकार म्हनून येते, हे मले मालूमच नाही. एकडाव समजलं असतं तं बरं झालं असतं."

"मग विचारा की."

"पाव्हन्याले असं विचारतेत का?" ते एकदम कडक झाले. "जेवू घालायचं अन् मंग वाहवा मांगायची? तेवढा बेशरम मी नाही."

म्हणजे ते विचारू शकत नव्हते, आणि बापूसाहेब आपणहून सांगत नव्हते. मधल्यामध्ये मी. मला दोघांचाही राग येई. एवढं साधं वाक्य, आणि त्याच्याभोवती दोन शहाण्या माणसांनी केवढं कुंपण घालून ठेवलं होतं!

नाझरसाहेब स्वतः पाहुणे म्हणून जात तेव्हा दाद द्यायला कधी चुकत नसत. बापूसाहेबांच्या मुलाच्या मुंजीला सगळी कचेरी जेवायला होती. आमची पंगत माजघरात. नाझरसाहेबांचं पान बाहेर, गोठ्याशेजारच्या पडवीत. मी पाणी प्यायला उठलो तेव्हा ते दारातून दिसले. एकटेच बसले होते, गाय त्यांच्याकडे बघत होती, आणि ते आतल्या माणसांना ऐकू जावं म्हणून भिंतीकडे तोंड करून मोठमोठ्याने बोलत होते, "वा! काय बुंदी झाली बापूसाहेब! अशी बुंदी मी लोनारलेही नाही खाल्ली!" जेवण झाल्यावर त्यांनी आपली पत्रावळ आपणच उचलली. गडी धावला तर म्हणाले, "राहू दे बाबू. तुले मंग आंघोळ पडंल." आपण बसलो होतो तेवढ्या जागेवर शेण-पाणी त्यांनीच शिंपडलं आणि हात झटकत हसत निघाले. बापूसाहेब उंबऱ्यात उभे होते. त्यांनी ते पाहिलं. त्या दिवशी त्यांनी स्वतः पान लावून घेतलं नाही. डोकं दुखतं म्हणाले.

मग आमच्याकडे डोंगरे आला. नागपूरच्या कॉलेजात शिकलेला, खादी घालणारा, मनाने सरळ आणि तोंडाने त्याहून सरळ. त्यालाही बुधवारचं आमंत्रण गेलं. त्याने ते आनंदाने घेतलं, बोटं दुमडायची वेळच आली नाही. पंगत बसली, नाझरसाहेब बाजेवर पाठमोरे झाले, आणि डोंगऱ्याने पहिला घास हातात धरून खणखणीत आवाजात म्हटलं, "नाझरसाहेब, हे काय? इकडं तोंड करा. मी असलं काही मानत नाही. या, माझ्या शेजारी बसा."

सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. डोंगऱ्याला कल्पना नव्हती, पण त्याने साऱ्या पंगतीला कोंडीत पकडलं होतं. नाझरसाहेब वळले असते तर पानावर त्यांची नजर पडून विटाळ झाला म्हणून बापूसाहेबांना उठावं लागलं असतं. ते उठले की पंगत उठणार. एक जण पानावरून उठला की उरलेल्यांनी घास घ्यायचा नाही. आणि अन्न टाकून पंगत उठली म्हणजे यजमानाच्या तोंडाला काळं. वळले नसते, तर बोलावणाऱ्या पाहुण्याचा शब्द मोडला. मी बापूसाहेबांकडे पाहिलं. ते खाली मान घालून बसले होते, डोळे मिटलेले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

नाझरसाहेबांना खोकल्याची मोठी उबळ आली. खोटी होती, पण छान होती. खोकता खोकता ते म्हणाले, "काय म्हनता डोंगरे? वारा उलटा आहे, ऐकू नाही आलं. विठूभट, डोंगऱ्याले गरम रोडगा दे, मोठा पाहून दे, बोलता नाही आलं पाहिजे!"

हसू फुटलं. हात पुन्हा चालू लागले. जेवणं झाल्यावर त्यांनी डोंगऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी शेजारीच होतो.

"तुमचं मन मले समजलं, भाऊ. लय मोठं आहे. पन आज तुमी मले जवळ बसवलं असतं अन् सहा मानसं माह्या दारातून भुके गेले असते. मंग मी कोनाजवळ बसून काय करू?"

पुढच्या खेपेपासून कढीचा सगळ्यांत मोठा भुरका डोंगऱ्याचा असे.

त्या संध्याकाळी खोट्या खोकल्यातून नाझरसाहेबांना खरा खोकला लागला म्हणून ते मळ्यातच राहिले, आणि गावाकडे परतताना बापूसाहेबांना माझी सोबत झाली. ओढा ओलांडल्यावर ते एकाएकी म्हणाले, "देशपांडे, त्याला पाठ करून बसायला कुणी सांगितलं, माहीत आहे?"

"तुम्हीच असणार," मी म्हणालो. डोक्यात अजून राग होता.

"कुणीच नाही." ते थांबले. "पहिल्या खेपेस तो समोर बसला होता. मी घरून मनाची तयारी करून आलो होतो. म्हटलं, मित्र आहे, शास्त्र थोडं बाजूला ठेवू, रात्री स्नान करू. पहिला घास घेतला. रोडगा निखाऱ्यावरून थेट पानात आला होता, तूप उकळतं. टाळूला असा चटका बसला की डोळ्यांत पाणी आलं. हात थांबला. वर पाहिलं तर तो माझ्याकडेच पाहून राहिला होता. त्याला वाटलं, आपल्या नजरेनं माझा घास अडला. तसाच उठला, बाज फिरवली आणि पाठ करून बसला."

"मग तुम्ही सांगायचं ना!"

"मौनात कसं सांगू? जेवण होईतो तोंड उघडता येत नव्हतं. आणि हात धुतल्यावर काय सांगू? आता खुशाल बघ म्हणून? पुढच्या खेपेस बाज आधीच फिरवलेली होती. त्याच्या पुढच्या खेपेस चार लोक होते, त्यांना वाटलं हीच रीत. मग ती रीतच झाली."

"अहो, मग आता सांगा. आजसुद्धा उशीर झालेला नाही."

बापूसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लहान झालो.

"काय सांगू? इतकी वर्षं पाठ करून बसलास ते उगाच बसलास, म्हणून सांगू? तो बिचारा समजतो, आपण मित्राचा धर्म सांभाळला. तेवढंच त्याच्याजवळ आहे. ते काढून घेऊ?" थोडं चालल्यावर ते पुटपुटले, "कढी तर अशी करवून घेतो की घरी बायकोजवळ नाव काढायची सोय नाही."

मी जागच्या जागी उभा राहिलो. नाझरसाहेबांना हवं होतं ते वाक्य हेच! "हे तरी त्यांना सांगा," मी म्हणालो. "फार वाट पाहतात ते."

"आजवर बोललो नाही. आता एकदम बोललो तर तो विचारंल, आजवर काऊन नाही? मग सगळंच निघंल." त्यांनी काठी आपटली. "आणि तुम्हीही सांगायचं नाही. शपथ आहे."

झालं. आता मीही कोंडलो. दिव्याची काच मागायला गेलो की नाझरसाहेब माझ्याकडे आशेने बघत, आणि मी काचेकडे बघत असे.

त्यांना पेन्शन बसायची वेळ आली. शेगावजवळ मुलगी दिली होती, तिकडे जाऊन राहायचं ठरलं. मळा भावाकडे जाणार होता. कचेरीने निरोप द्यायचा तर जेवण द्यायला हवं होतं. ज्याने सगळ्यांना जेवू घातलं त्याला दुसरं काय देणार? पण त्याचं पान कुठे मांडायचं? पडवीत? निरोप ज्याचा तोच पडवीत? टेबल-खुर्ची देऊ, साहेबासारखी, म्हणजे वेगळेपण मानाचं दिसेल, असं एकाने सुचवलं. डोंगरे भडकला. जोशीबुवा त्याच्यावर भडकले. आठवडाभर कुणाचं काम धड झालं नाही. शेवटी पानसुपारी, हार आणि अत्तर-गुलाब यावर भागलं. पानाला विटाळ कमी! मला त्या हाराची इतकी लाज वाटली की मी मागेच उभा राहिलो. नाझरसाहेबांनी हार घालून घेतला, सगळ्यांची स्तुती केली, आणि म्हणाले, "बुधवारी मळ्यात या. शेवटचं."

त्या बुधवारी कुणी उशीर केला नाही. तीच झाडं, तेच पाट. बाज फिरवलेली. विठूभट म्हातारा झाला होता, रोडगे झटकताना त्याला धाप लागत होती. नाझरसाहेबांनी हात जोडले, तेव्हा नेहमीपेक्षा जास्त वेळ जोडून ठेवले, आणि पाठ करून बसले.

पंगत सुरू झाली खरी, पण कुणी घास घेईना. मी तुकडा मोडला आणि तसाच धरून बसलो. डोंगऱ्याचा द्रोण भरलेला होता.

"काऊन?" पाठ म्हणाली. "आवाज येऊन नाही राह्यला. बिघडलं का काही?"

नाझरसाहेबांची बोटं बाजेच्या दोरीवर चाळवत होती. शेवटच्या दिवशी आपलं जेवण बिघडलं, असंच त्यांना वाटत असणार.

आणि माझ्या शेजारून एक भुरका आला. मोठा, लांब, बेशरम, कढी थेट तळातून ओढणारा. लग्नाच्या पंगतीत कुणा आडदांड पाहुण्याने मारावा तसा. मी वळून पाहिलं. बापूसाहेबांनी द्रोण दोन्ही हातांनी तोंडाला लावला होता. मिशीवर कढी होती. डोळे मिटलेले होते आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

पाठ ताठ झाली.

"हा कोन?" नाझरसाहेबांनी विचारलं. "हा भुरका मी ऐकला नाही कधी."

हळूच त्यांनी विचारलं, "बापूसाहेब?"

बापूसाहेबांचं मौन होतं. त्यांनी उरलेली कढी ओढली, पहिल्यापेक्षाही मोठ्याने.

नाझरसाहेबांची मान वळू लागली. कान दिसला, गालफडाची कड दिसली, दाढीचं टोक दिसलं. तिथे ती थांबली. मग जशी वळली होती तशी परत सरळ झाली. त्यांनी उपरण्याचं टोक वर नेलं आणि बराच वेळ खाली आणलं नाही.

"विठूभट," ते म्हणाले. "बापूसाहेबाले कढी वाढ. विचारू नको, वाढ."

विठूभट भांडं घेऊन आला. बापूसाहेबांनी द्रोण पुढे केला.